थंड इंजिनाचे दोन किलोमीटर : रस्ते आखणाऱ्यांना एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
शहरांचे रस्ते आखणारे, वेगमर्यादा ठरवणारे आणि पार्किंगचे पट्टे मारून घेणारे सर्व अधिकारी,

स.न.वि.वि.

मी गॅरेज चालवतो. सव्वीस वर्षं झाली. गाड्या जितक्या फिरतील तितकं माझं पोट भरतं, त्यामुळे गाड्या कमी फिरवायचं पत्र माझ्याकडून यावं हे जरा विचित्रच आहे, याची मला कल्पना आहे. बायको म्हणालीच, ‘‘आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?’’ तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला लिहितोय, फक्त जरा सविस्तर.

काही दिवसांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ गाडी घेऊन आले. गाडी सहा वर्षांची, पण मीटरवर जेमतेम अकरा हजार किलोमीटर. बाहेरून आरशासारखी. तक्रार एवढीच की मागून फडफड आवाज येतो. गाडी वर उचलली तर सायलेन्सरच्या डब्याला खालून भोक. बोटाने दाबलं तर पत्रा पापुद्र्यासारखा हातात आला. मग सहज बॉनेट उघडून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवलं. झाकणाला आतून पिवळट-पांढरा चिकट फेस, साबणाचं पाणी आटल्यावर राहतो तसा. डिपस्टिक नाकाशी नेली तर ऑइलला पेट्रोलचा वास. बॅटरी अर्धमेली.

‘‘गाडी वापरता कशी?’’ मी विचारलं.

‘‘अगदी जपून,’’ ते अभिमानाने म्हणाले. ‘‘लांब कधी नेतच नाही. सकाळी नातवाला शाळेत सोडायचं, संध्याकाळी वाचनालय. बस्स.’’

शाळा दीड किलोमीटरवर, वाचनालय त्याहून जवळ. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की काका, जपून जपूनच तुम्ही ही गाडी मारलीत!

यातली गोम साधी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ऐकायला खोटं वाटतं, पण पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळाला की पाणीच होणार. इंजिन आणि नळ्या तापलेल्या असतील तर हे पाणी वाफ होऊन निघून जातं. गार असतील तर ते सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि पत्रा आतून खातं. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, तोच तो झाकणाचा फेस. शिवाय गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं काही अर्धवट जळतं, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. समोरचा तापमानाचा काटा मधोमध यायला काही मिनिटं लागतात, ऑइल तापायला त्याहून जास्त. तोवर शाळा आलेली असते, नातू उतरलेला असतो आणि चावी फिरवून इंजिन बंद. अर्ध्या तापाने निजवलेलं इंजिन संध्याकाळी पुन्हा गारच उठतं.

हे झालं गाडीचं दुखणं. त्यावर माझी मिळकत चालते, तुमच्याकडे ते आणायचं कारण नाही. तुमचा संबंध येतो तो त्याच मिनिटांत मागच्या नळीतून काय बाहेर पडतं त्याच्याशी.

गाडीच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. कापून बघितला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून हा डबा गाड्यांत सर्रास आला आणि मोटारींच्या धुरात खरोखर फरक पडला. तापलेला असताना तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निकालात काढतो. पण ‘तापलेला असताना’. साधारण अडीचशे ते तीनशे अंशांवर त्याला जाग येते. त्याआधी तो नुसता नळीतला अडथळा. म्हणजे ज्या वेळी इंजिन जास्त पेट्रोल पिऊन अर्धवट जाळत असतं, नेमका त्याच वेळी पहारेकरी झोपलेला असतो. आणि ज्या गाडीचा अख्खा प्रवास चार मिनिटांचा, तिच्या पहारेकऱ्याने डोळे उघडेपर्यंत निम्मी वाट सरलेली असते.

चाचण्या घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या चाचणीत गाडी सुरू केल्यावर चाळीस सेकंद तशीच चालू ठेवायचे आणि मगच धूर गोळा करायला घ्यायचे. सगळ्यात घाणेरडे चाळीस सेकंद मोजायचेच नाहीत! २००० साली गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारं युरो ३ मानक आलं तेव्हा ही सूट काढली, चावी फिरवल्या क्षणापासून मोजणी सुरू झाली. चांगलं झालं. पण ती चाचणी अकरा किलोमीटरांची होती आणि २०१७ पासून जी नवी आली ती तेवीस किलोमीटरांची, अर्ध्या तासाची. त्याच वर्षी प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीही आली, तिचा शहरी टप्पासुद्धा किमान सोळा किलोमीटरांचा ठेवला. निकाल लिहितात तो ‘दर किलोमीटरला इतके मिलिग्रॅम’ असा. पहिल्या दोन मिनिटांचं पाप तेवीस किलोमीटरांत वाटून टाकलं की कोणाच्याच वाट्याला फारसं येत नाही. माझ्या निवृत्त गृहस्थांच्या दीड किलोमीटरात मात्र ते सगळंच्या सगळं भरतं. त्यांच्या गाडीचं प्रमाणपत्र खोटं नाही, ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रवासाचं आहे.

आणि हा धूर सुटतो कुठे? महामार्गावर नव्हे. शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या दारात, घरांच्या खिडक्यांखाली. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून हातभर उंच असतं. मी खाली वाकून काम करतो तेव्हा ते माझ्या नाकासमोर येतं, सहा वर्षांच्या पोराला तेवढंही वाकावं लागत नाही. मी डॉक्टर नाही, म्हणून यावर फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर आणि २०१३ साली बाहेरची दूषित हवाच कर्करोगकारक म्हणून जाहीर केली, आणि २०२१ मध्ये याच संघटनेने अतिसूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमवरून पाचवर आणली. हे कागद तुमच्या टेबलावर माझ्याआधी आलेले असणार.

तुम्ही म्हणाल, दीड-दोन किलोमीटरला गाडी काढणारे असे किती असतील? अमेरिकेतल्या २०२१ च्या आकड्यांनुसार तिथल्या लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या तीन मैलांच्या, म्हणजे पाच किलोमीटरांच्या आतल्या होत्या. एका मैलाच्या आतल्याही पावभागाहून जास्त. तो देश लांबच लांब अंतरांसाठी आणि मोटारींसाठी ओळखला जातो, तिथे ही गत. माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणाऱ्यांना मी हल्ली मुद्दाम विचारतो की काल गाडी कुठे कुठे नेली होती. बहुतेकांना आठवायला वेळ लागतो. औषधाच्या दोन गोळ्या, शिकवणी, बँकेत सही, मुलीची विसरलेली वही. लांबचा प्रवास लोकांच्या चांगला लक्षात असतो, जवळच्या फेऱ्या कोणी मोजत नाही.

या जवळच्या फेरीचा हिशेब एकदा गॅरेजच्या फळ्यावर खडूने मांडला होता. गाडीचं वजन बाराशे किलो, आत बसलेला माणूस पासष्ट किलो. पेट्रोल इंजिन चांगलं तापलेलं असेल तर इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि नळीतून जाते. त्या चौथ्या हिश्श्यातला विसावा भाग माणूस हलवायला, उरलेला लोखंड हलवायला. म्हणजे शंभर थेंब पेट्रोलमधला सव्वा थेंब त्या माणसाच्या कामी आला. आमच्याकडे काम शिकणारा पोरगा फळ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मग बाकीचे पावणेनव्याण्णव कोणी प्यायले?’’ बरोबर आकडा काढला पठ्ठ्याने.

मग मोठी इलेक्ट्रिक मोटार घ्यावी का? घेणाऱ्याने जरूर घ्यावी, नळीच नाही म्हटल्यावर थंड इंजिनाची भानगडच संपली. मी काही तिच्या विरोधात नाही. पण तीही दीड-दोन टनांची. ब्रेक लावताना तिची मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते म्हणून ब्रेकची भुकटी कमी उडते हे खरं, पण टायर झिजायचे राहत नाहीत आणि वजन वाढलं की झीज वाढते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ मध्ये ब्रेकच्या कणांनाही पहिल्यांदाच मर्यादा घातली गेली, आणि ती इलेक्ट्रिक गाड्यांनाही लागू केली, ते उगाच नाही. शिवाय ती उभी राहायला तेवढीच जागा मागते, चौकात तेवढीच लांब रांग लावते. दोन गोळ्या आणायला दोन टन नेले, तर ते विजेवर नेले म्हणून शहाणपणाचं होत नाही.

मला बोलायचंय ते छोट्या वाहनांबद्दल. विजेची सायकल, विजेची स्कूटर, तीन चाकी, आणि दोन माणसांची छोटी चार चाकी, मी तिला डबी म्हणतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. विजेची स्कूटर शंभर किलोमीटरला तीन युनिटच्या आसपास घेते. म्हणजे नऊ युनिटमध्ये तीनशे किलोमीटर. तेवढ्याच ऊर्जेत गावातली मोटार जेमतेम पंधरा किलोमीटर जाते.

इथे हमखास कोणीतरी हात वर करतं : ‘‘पण वीज कोळशाची आहे ना?’’ असेल. कोळशाच्या केंद्रात दोन तृतीयांश उष्णता वायाच जाते, तेही धरू. तीनशेचे शंभर उरले. तारांमधली आणि चार्जरमधली गळती धरून ऐंशी म्हणा. पंधरा आणि ऐंशी यांत कोण मोठं हे सांगायला इंजिनियर लागत नाही. आणि वीजकेंद्राचा धूर वाईटच, पण त्याला निदान एक चिमणी असते, तिच्यावर गाळणी बसवता येते, तिच्याखाली शाळेचं फाटक नसतं. पुढे सौर-पवन वीज वाढली तर तीच स्कूटर आपोआप आणखी स्वच्छ होते. पेट्रोलची गाडी दर वर्षी जुनीच होत जाते.

मी स्वतः तीन वर्षांपासून सुटे भाग आणायला विजेची स्कूटर वापरतो. जुनीच घेतली, पोरांनी तिचं नाव ‘खेळणं’ ठेवलंय. दुकान दोन किलोमीटरवर. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, क्लचची थाळी, सगळं पुढच्या पाटावर बसतं. गिअरबॉक्स आणायचा असेल तेव्हा टेम्पो बोलावतो, तो काही खेळण्यावर येत नाही. पावसात भिजतो. ते लपवत नाही, रेनकोट घालूनही गुडघे भिजतातच. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या, दोन लहान मुलं बरोबर असलेल्या माणसाला स्कूटर चालवा म्हणणं मूर्खपणाचं होईल, त्यांच्यासाठी चार चाकी डबी किंवा मोटारच ठीक. आणि पाव-अर्ध्या किलोमीटरला कसलंच वाहन नको, देवाने पाय दिलेत. विजेचं वाहन आलं आणि चालणारा माणूस त्यावर बसला तर हवेला काहीच मिळालं नाही.

बॅटऱ्यांना आगी लागतात हेही खरं आहे. मी पाहिलेली एक जळालेली बॅटरी भलत्याच चार्जरवर रात्रभर लावून ठेवली होती, तीही जिन्याखाली. ज्या बॅटरीचा चार्जर तिलाच लावायचा, पडून पिचलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही आणि बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग करायचं नाही, एवढं पाळलं तरी बराचसा धोका टळतो. बाकी चार्जिंगचं फार मोठं प्रकरण करू नका. स्कूटरला घरातलं साधं सॉकेट पुरतं. तळमजल्यावर, वाहन उभं राहतं तिथे एक सुरक्षित सॉकेट असावं असा बांधकामाच्या नियमात एक कलम घातलं की झालं.

खरी अडचण वाहनात नाही, बॅटरीतही नाही. ती तुमच्या खात्यात आहे, म्हणून तर हे पत्र.

माझ्या त्या दोन किलोमीटरांतली सव्वाशे मीटर सोडली तर बाकी वाट मजेची आहे. ती सव्वाशे मीटर म्हणजे आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथपासून पुढच्या चौकापर्यंतचा तुकडा. गाड्या तिथे साठाने येतात, माझी स्कूटर चाळिसाने. डावीकडे दाबून चालवावं तर कडेला गटाराची लोखंडी जाळी आहे आणि तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या. दोन पट्ट्यांमधली फट नेमकी माझ्या टायरएवढी. एकदा पुढचं चाक त्यात गेलं. पडलो नाही, कारण मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला आणि माझा हात त्याच्याच बंपरवर टेकला. मोटारीचं रुंद चाक त्या जाळीवरून धडधड करत निघून जातं, त्यामुळे ती जाळी बसवणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि बिल मंजूर करणाऱ्याला तिच्यात काही चूक आहे हे कधी कळलंच नसणार. तिघंही मोटारीने येत असतील.

लोक मला विचारतात, स्कूटर किती किलोमीटर जाते, बॅटरी किती वर्षं टिकते. पण घ्यायचं रद्द करतात ते या कारणांनी नाही. ते त्या सव्वाशे मीटरमुळे रद्द करतात. प्रत्येकाच्या वाटेत असा एक तुकडा असतो. रस्त्याची अडचण मग सगळी वाट अडवते, आणि माणूस बाराशे किलोच्या पत्र्याआड जाऊन बसतो. त्याच्या भीतीत चूक काहीच नाही.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही, पण तुमच्याच सहीने होणारा आहे : वेग. ब्रुसेल्सने १ जानेवारी २०२१ पासून शहरभर तीस किलोमीटरची मर्यादा लावली, काही मोठे रस्ते वगळून. त्याच वर्षी मे महिन्यात स्पेनने देशभरातल्या शहरांत ज्या रस्त्यांना जायला एक आणि यायला एक अशी मार्गिका आहे तिथे तीसच केली. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर केली. तिथे त्यावर जोरदार आरडाओरडा झाला, काही रस्त्यांवर फेरविचारही करावा लागला, हे सांगितलं पाहिजे. पण गणित बदलत नाही. तीसच्या ऐवजी पन्नासने येणाऱ्या गाडीत पावणेतीन पट धडक भरलेली असते. वस्तीतल्या रस्त्यावर सगळेच तिसाने चालले तर माझं खेळणं, म्हातारबाबांची सायकल आणि मोटार एकाच प्रवाहात येतात, वेगळी मार्गिका नसली तरी चालतं. मोठ्या रस्त्यावर मात्र वेगळी मार्गिका हवी, आणि ती नुसत्या रंगाच्या पट्ट्याची नको. रंगाचा पट्टा म्हणजे गाडी उभी करायला मोकळी जागा, असंच सगळे समजतात.

दुसरं, नियम वाहनं घडवतो, यावर तुमचा विश्वास नसेल तर जपानकडे बघा. तिथे १९४९ पासून ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८ मीटरपर्यंत, इंजिन ६६० सीसीपर्यंत. या मापात बसवा आणि कर कमी भरा, एवढीच गोष्ट. आज तिथल्या नव्या गाड्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा या मापाचा असतो. २०२२ मध्ये याच मापात वीस युनिटच्या बॅटरीची एक इलेक्ट्रिक गाडी आली आणि तिथली सर्वांत खपाची इलेक्ट्रिक मोटार ठरली. फ्रान्समध्ये २०२० पासून दोन माणसांची डबी मिळते, सिट्रोएनची आमी. लांबी २.४१ मीटर, वेग पंचेचाळीस, बॅटरी साडेपाच युनिटची, एका चार्जमध्ये पंच्याहत्तर किलोमीटर, साध्या सॉकेटवर तीन तासांत भरते. हलक्या चारचाकीचा वेगळा वर्ग नियमात आहे म्हणूनच ती बनली. बनवणाऱ्याने स्वप्नात पाहिली आणि आली, असं नाही.

तिसरं, उभं राहायची जागा. मोटारीची चौकट पाच मीटर बाय अडीच मीटर, साडेबारा चौरस मीटर. तिच्यात दोन डब्या किंवा पाच-सहा स्कूटर आरामात मावतात. पण पट्टे मारताना एकच माप वापरायचं ठरलेलं, त्यामुळे छोटं वाहन एक तर मोटारीची अख्खी चौकट अडवतं आणि शिव्या खातं, नाही तर फुटपाथवर चढतं आणि जास्त शिव्या खातं. दुसऱ्या वेळच्या शिव्या रास्तच आहेत. पॅरिसमध्ये उभं राहून चालवायच्या भाड्याच्या स्कूटर फुटपाथवर आडव्यातिडव्या पडून लोक इतके वैतागले की २ एप्रिल २०२३ ला मतदान घेतलं तेव्हा मत देणाऱ्यांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांनी त्या नको म्हणून सांगितलं आणि १ सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. मत द्यायला शंभरातले आठही आले नव्हते ही गोष्ट वेगळी. पण धडा खरा आहे. चालणाऱ्याची जागा घेऊन छोट्या वाहनाला देऊ नका. मोटारीची घ्या. दर दहा चौकटींमागे एक घेतली तरी पुष्कळ.

एवढं वाचून तुमच्यापैकी कोणीतरी म्हणणार, लोक ऐकणार नाहीत, नगरसेवक फोन करतील, दुकानदार मोर्चा आणतील. आणतील. म्हणून कायमचं काही करू नका. स्टॉकहोमने २००६ साली मोटारींवर गर्दीचा कर लावला तो सात महिन्यांपुरता, चाचणी म्हणून, जानेवारी ते जुलै. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या साधारण वीस टक्क्यांनी घटल्या. मग करार पाळून कर उठवला, लोकांना विचारलं आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायम केला. सुरुवातीला नाकं मुरडणारेच पुढे त्याच्या बाजूचे झाले, कारण मधल्या काळात त्यांनी मोकळा रस्ता डोळ्यांनी बघितला होता. कागदावरच्या आराखड्याला विरोध करणं सोपं असतं. तुम्हीही एक शाळा निवडा, तिच्याभोवतीचे दोन किलोमीटर घ्या, सहा महिने वेग तीसवर आणा, फाटकाजवळच्या काही चौकटी छोट्या वाहनांना द्या आणि बघा.

फक्त मोजताना एक करा. तुमचे मोजणीदार नाक्यावर बसून किती गाड्या गेल्या ते मोजतात. कुठून आल्या हे कोणी मोजत नाही. म्हणून उत्तर दर वेळी ‘गाड्या फार आहेत, रस्ता रुंद करा’ असंच येतं. माझी पद्धत वापरून बघा. सकाळी शाळा भरायच्या वेळी फाटकाशी उभे राहा आणि नुकत्याच येऊन थांबलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर, मालकांना विचारून, हात ठेवत चला. लांबून आलेल्या गाडीचं बॉनेट चांगलं गरम लागतं. जवळून आलेलीचं गार, फार तर कोमट. मी एकदा गंमत म्हणून केलं होतं. दहा-बारा गाड्यांनंतर हात बघत राहिलो, हिवाळ्यात शेकायला गेलो असतो तर निराश होऊन परतलो असतो.

त्या निवृत्त गृहस्थांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सायलेन्सर नवा बसवला, ऑइल बदललं, बॅटरी बदलली. आणि गॅरेजवाले अशा गाडीला जो सल्ला देतात तोच मीही दिला : आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर लांब फिरवून आणा, म्हणजे इंजिन नीट तापेल आणि आतलं पाणी सुकेल. आता ते दर रविवारी सकाळी गाडी काढतात, शहराबाहेर जातात, कुठेही न थांबता वळतात आणि घरी येतात. आठवडाभराचं दीड-दीड किलोमीटर पचावं म्हणून रविवारी जादा पेट्रोल जाळतात. सल्ला बरोबर आहे, गाडीला तेच औषध लागू पडतं. पण तो देताना मला लाज वाटली.

जाताना त्यांनी माझं खेळणं बघितलं. भोवती फिरले, सीट दाबून पाहिली, किती वजन घेते विचारलं. मग म्हणाले, ‘‘मला जमेल हो. पण त्या चौकातून नातवाला मागे बसवून कसा नेऊ, ते सांगा.’’

मला उत्तर देता आलं नाही. तो चौक तुमच्याकडे आहे.

आपला,
एक गॅरेजवाला

ता.क. गटाराच्या जाळीचं काम मात्र सहा महिने थांबवू नका. पट्ट्या रस्त्याला आडव्या येतील अशी फिरवून बसवायची आहे. दोन माणसं, एक पहार, अर्धा तास. माणसं नसतील तर मी आणि आमचा पोरगा येतो.